आजोबांचा चेहरा, व्हर्जन सात

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. पीएचडीचं पाचवं वर्ष. थिसिसचा विषय: खराब झालेल्या फोटोंमधले चेहरे कॉम्प्युटरने पुन्हा उभे करणे. अजून एकही उभा राहिलेला नाही, पण पाया भक्कम आहे.

आज आजीने आपणहून केस आणून दिली. २३ तारखेला आजोबांचा पंचविसावा स्मृतिदिन. घरात त्यांचा एकच फोटो, पोस्टकार्डाएवढा, फ्रेमच्या आत ओल जाऊन डागाळलेला. आजी म्हणाली, तेवढा मोठा करून आण, मला आता नीट दिसत नाही रे त्यांचं तोंड. विठ्ठलवाडी स्टेशनजवळचा काळुराम स्टुडिओवाला करून देतो म्हणे. मला हसूच आलं. घरात मी असताना काळुराम!

५ फेब्रुवारी, बुधवार
काचेसकट फोटो स्कॅन करणं म्हणजे अडाणीपणा. रिफ्लेक्शन येतं. म्हणून काच काढली. आजोबांचा चेहरा काचेला चिकटलेला होता, तो काचेबरोबर आला. फोटोत आता सदरा, गळ्यापर्यंत लावलेलं बटण आणि वर कोरा कागद.

गेलेला भाग आजूबाजूचं बघून भरून काढणे, ह्यावर आमच्या फिल्डमध्ये लोक आयुष्य घालवतात. मला घरबसल्या प्रॉब्लेम मिळाला. काच वर्तमानपत्रात गुंडाळून भंगाराच्या पिशवीत टाकली. आजीला रिझल्ट आल्यावर सांगीन.

धाकटी बहीण रचना बघत होती. म्हणाली, आधी मोबाइलवर एक फोटो तरी काढायचास, दादा. नंतर सुचणारे खूप असतात.

८ फेब्रुवारी, शनिवार
लॅबमधलं तयार मॉडेल चालवलं. ते परदेशी चेहऱ्यांवर शिकलेलं. आजोबांना निळे डोळे आणि बत्तीसच्या बत्तीस दात आले. अठ्ठावीस वर्षं कोलशेतच्या कंपनीत भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस इतका हसत असेल असं वाटत नाही. दोष माझा नाही, डेटाचा आहे. सोमवारपासून डेटा.

१२ फेब्रुवारी, बुधवार
सोमवार, मंगळवार कामात गेले. कसल्या ते आठवत नाही.

आज शीळफाट्याला बस दीड तास उभी. लोकलने लवकर पोचलो असतो, पण बसमध्ये विचार होतो. विचार असा झाला की आपल्याच माणसांचे चेहरे हवेत. नातेवाइकांच्या ग्रुपवर जुने फोटो मागितले. चौदा गुड मॉर्निंग आले, आणि आत्याच्या गॅसच्या पुस्तकाचा फोटो. माझ्या मोबाइलमध्ये मात्र माझे स्वतःचे २,३१७ सेल्फी आहेत. रक्त एकच. शास्त्रीयदृष्ट्या चोख.

जेवताना आजीला सहज विचारलं, आजोबा दिसायला कसे होते गं? म्हणाली, "डाव्या भुवईवर खूण होती. कंपनीत पत्रा लागलेला. खाडा नको म्हणून हळद दाबून दुसऱ्या दिवशी कामावर गेलेले. फोटोत आहे की ती. बघ ना." बघतो म्हणालो. अर्धी भाकरी ताटात टाकून उठलो. दुपारचा वडापाव बाधला असावा.

१७ फेब्रुवारी, सोमवार
व्हर्जन चारला दोन नाकं. व्हर्जन पाचमध्ये एक नाक, पण कानाजवळ. प्रगती आहे. भुवईवरची खूण हाताने काढून दिली तरी मॉडेल तिला कचरा समजून पुसून टाकतं. तीनदा काढली, तीनदा पुसली.

सरांनी रिझल्ट विचारले. प्रॉमिसिंग आहेत म्हणालो. सर म्हणाले, हा शब्द मी तुझ्याकडून पाच वर्षं ऐकतोय. कौतुकाने म्हणाले असावेत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
व्हर्जन सात. चेहरा आला! देखणा आहे. फार ओळखीचा वाटतो, म्हणजे जमलंच. खूण नाही, पण कार्यक्रमाच्या गर्दीत कोण बघतंय. ठाण्यात मोठी प्रिंट काढून सोनेरी फ्रेम केली. रचना एकदा फ्रेमकडे बघे, एकदा माझ्याकडे, परत फ्रेमकडे. भारावली असणार. आजीला रविवारीच दाखवायची.

२३ फेब्रुवारी, रविवार
कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच महेंद्रकाका, म्हणजे पप्पांचे चुलतभाऊ, दारात आले. हार घातलेली फ्रेम बघून मटकन खाली बसले. "अरे, परवाच तर शीळफाट्याला भेटलेला रे राजरत्न! कसा काय गेला?" मागून आत्याने गळा काढला. मी खिरीच्या वाट्या घेऊन आतून आलो, तर ती जास्तच ओरडली.

मग मी फ्रेमकडे नीट बघितलं. सदरा आजोबांचा. बाकी मी.

आजी फूल घेऊन पुढे गेली. डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिली. फूल वाहिलं नाही. म्हणाली, "तुझा चांगला आलाय रे बाळा. त्यांचा कुठाय?"

पाच वर्षांत पहिल्यांदा मला प्रॉमिसिंग हा शब्द सुचला नाही. सगळं सांगून टाकलं. सगळ्यांसमोर रडलो. आजी रागावली नाही, ओरडलीही नाही. तिने एवढंच विचारलं, "काच टाकलीस का?"

भंगारवाला ह्या महिन्यात आलेलाच नव्हता. आजीने पिशवीतून काच काढली, पदराने वरून पुसली आणि जुन्या फोटोवर होती तशी ठेवली. आजोबा जागेवर बसले. भुवईवरच्या खुणेसकट. मग तिने फूल वाहिलं आणि बौद्धाचार्यांना म्हणाली, करा सुरू.

२४ फेब्रुवारी, सोमवार
जुनी फ्रेम काळुरामकडे नेली. त्याने ती टेबलावर उभी केली, रिफ्लेक्शन येऊ नये म्हणून समोर काळं कापड धरलं आणि काचेवरूनच एक फोटो काढला. वीस मिनिटांत मोठी प्रिंट हातात. आजीने घरी ती खिडकीपाशी नेली आणि भुवईवरच्या खुणेवरून बोट फिरवलं.

निघताना काळुरामने विचारलं होतं, तुम्ही काय करता? फोटोंचाच अभ्यास करतो म्हणालो. तो म्हणाला, "जमेल हो हळूहळू."