डागांच्या पानावरच्या जाहिराती

प्रिय फिटरसाहेब,

पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. रोज फोन होतो, तरी ही बाई कागद का खरडतेय, असं तुला वाटेल. पण आपल्याकडचा फोन तुला ठाऊक आहे ना! तुझं नाव दिसलं की लेकाचा फोन म्हणून आई तो माझ्या हातातून घेणार, स्पीकर लावणार आणि टेबलाच्या मधोमध ठेवणार. मग तू तिथल्या शीतगृहातल्या गळक्या पाइपांचं सांगणार, मी भाजीचे भाव सांगणार, आणि बोलायचं ते राहूनच जाणार. म्हणून हा कागद.

थकलेय रे. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

लाँड्री बंद झाली आणि काउंटरवरची माझी नोकरी गेली, तेव्हा तूच म्हणालास की डागांचं तुला जेवढं कळतं तेवढं सगळं लिहून काढ, मी साईट उभी करून देतो. मी लिहीत गेले. शाईचा डाग, गंजाचा, मेणाचा, पोरांनी शर्टाला पुसलेल्या च्युइंगमचा. च्युइंगमचं पान अजूनही सगळ्यात जास्त उघडलं जातं, जगातली पोरं काही सुधारत नाहीत. पानाच्या कडेला दोन जाहिराती असायच्या. कुणी त्यांवर क्लिक केलं की आपल्याला थोडे पैसे मिळायचे. घरभाडं आणि आईंची औषधं साईटवर भागायला लागली की तू करार वाढवायचा नाही, घरी यायचं आणि इथेच फ्रीजदुरुस्तीचं दुकान टाकायचं, असं आपलं ठरलं. मागच्या उन्हाळ्यात ते अगदी हातातोंडाशी आलं होतं.

मग जाहिरातवाल्या कंपनीचे नियम बदलायला लागले. आधी म्हणाले, क्लिकचे कमी देऊ, जाहिरात नुसती दिसली तरी थोडे देऊ. मग म्हणाले, जाहिराती कडेला नकोत, मजकुराच्या मध्ये घाला. घातल्या, तर पानं उघडायला वेळ लागतो म्हणून शोधयंत्राने आपल्याला मागे ढकललं. काढल्या, तर पैसे निम्मे. आणि आता तर कुणी विचारलं की च्युइंगम कसं काढायचं, तर शोधयंत्रच वरच्या वर उत्तर देतं, बर्फ लावा. माझंच वाक्य, पण माझ्या पानावर यायची कुणाला गरज उरली नाही. प्रत्येक वेळी तुला फोनवर सांगावंसं वाटायचं, पण रोज मरे त्याला कोण रडे! तरी मी नेटाने लिहीत राहिले. तू घरी यायला हवास, एवढंच डोळ्यांसमोर होतं.

तुला सांगितलेलं नाही ते असं, की कंपनीने आपलं खातं बंद केलंय. म्हणे एकाच घरातून आणि आसपासच्या थोड्या फोनवरून मुद्दाम क्लिक होताहेत. मी आधी कुणाच्या तरी नावाने बोटं मोडली. जळतं एखाद्याला आपलं चाललेलं, म्हटलं. मग एका दुपारी गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन आत आले, तर आई तुझा जुना टॅब उशीला टेकवून बसलेल्या. चष्मा नाकाच्या टोकावर. गंजाचं पान उघडायचं, जाहिरातीवर बोट ठेवायचं, ती पूर्ण उघडेपर्यंत थांबायचं, मग पुढची. लगेच बंद केली तर धरत नाहीत, हे त्यांचं त्यांनीच ठरवलेलं! ट्रकचे टायर, केसांचा रंग, विमा, काही म्हणता काही सोडत नव्हत्या. खिडकीत बसून टकटक केल्याने कुणाचं पोट भरलंय का, असं मला ऐकवणाऱ्या याच आई.

मी विचारलं, तर लपवणं वगैरे काही नाही. त्यांच्यापरीने त्या कामाला बसल्या होत्या. म्हणाल्या, तोच नाही का फोनवर म्हणाला, लोकांनी जाहिराती दाबल्या की मी घरी आलोच समज? मग आपण काय लोक नाही? बागेत फिरायला येणाऱ्या मैत्रिणींनाही त्यांनी याला जुंपलंय. आपल्या पानावर आपल्याच माणसांनी क्लिक करायचं नसतं, हा या धंद्यातला पहिला धडा. मी तो आईंना कधी सांगितला नाही, कारण त्या माझं पान उघडत असतील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

त्या क्षणी मला इतका राग आला की कपडे तसेच पलंगावर टाकून मी मोरीत जाऊन उभी राहिले. तिथे रडले. बाहेर आले तोवर आईंनी सगळ्या घड्या घालून ठेवल्या होत्या, आणि तुझा निळा शर्ट वेगळा काढला होता. खातं त्यांच्यामुळे बंद झालं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

कंपनीकडे अर्ज केला. हे कुणी केलं असावं, असा त्यात रकाना होता. मी खरं तेच लिहिलं: सासूबाईंनी, मुलगा घरी यावा म्हणून. निर्णय कायम आहे, असं उत्तर आलं. त्यांना तरी काय बोल लावू? जाहिरात देणाऱ्या कुणाचे तरी पैसे एका म्हातारीने टायर बघण्यात उडवले, हे खरंच आहे. दुसऱ्या कंपन्याही आधीचं खातं का बंद झालं, तेच आधी विचारतात. पुढच्या महिन्यापासून मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत अर्धा दिवस जाणार आहे.

जाहिराती गेल्यावर पानं भकास दिसायला लागली, आणि आईंनी लगेच विचारलं, आज काही येत कसं नाही? मग मीच साबण, ब्रश, बादली अशी चित्रं करून तिथे लावली. दाबली की माझंच दुसरं पान उघडतं. हल्ली त्याच त्याच जाहिराती येतात, अशी त्यांची कुरकुर असते, पण दुपारची झोप सोडून दाबतात.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. करार वाढवायचा कागद तुझ्यापुढे येईल, त्यावर सही कर. माझ्यासाठी थांबू नकोस आणि रागावून काही सोडूनही येऊ नकोस. आईंना सांग की कंपनीच सोडत नाही, माणसं कमी आहेत. आणि त्यांनी फोनवर विचारलं, की आता आणखी किती दाबायच्या रे, तर हसू नकोस आणि गप्पही बसू नकोस. थोड्याच राहिल्यात, एवढंच म्हण. त्यांनी तुझ्यासाठी कपाटातला एक कप्पा रिकामा केलाय, खाली नवा कागद अंथरलाय. घरात जागा नाही म्हणून मी रोज ओरडते, पण त्या कप्प्यात मीही अजून काही ठेवलेलं नाही.

तुझीच,
डागवाली