प्रिय भवानीला निम्म्या दराचं आवतण

मखमलाबाद, नाशिक

चि. शेखर यास,

गोटीरामदाजींचा आशीर्वाद. तुझी पाठदुखी, सरकारी खुर्ची आणि सौ. निकिता, सगळं जागच्या जागी असेल असं धरून चालतो. नाशिक रोड इथून रिक्षाने जाण्याइतकं जवळ असताना दाजी पोस्टाने पत्र का पाठवतात, असं तुला वाटेल. फोन सध्या तुझ्या ताईच्या ताब्यात आहे. का, ते पुढे येईलच.

मागच्या महिन्यात आम्ही दोघं त्या नव्या जलनगरी पार्कात गेलो (जाऊ नये, असं मी तेव्हाही म्हणत होतो). दार उघडताच पहिले आम्हीच, म्हणून खिडकीतल्या मुलीला सवयीने म्हणालो, "भवानी आहे, भाव नीट लावा." आपल्या फूलबाजारात दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाला कोणी रिकामं पाठवत नाही. त्या मुलीने भाव तोच ठेवला आणि माझ्या नावाच्या रकान्यात 'भवानी' लिहिलं (तुझ्या सुवर्णाताईचं मात्र बरोबर लिहिलं). मग गाईच्या कानात बिल्ला ठोकावा तसा दोघांच्या मनगटाला एकेक पट्टा बांधला. पैसे आधीच त्यात भरायचे आणि दुकानोदुकानी तो टेकवायचा. आपण कुठे रमलो, काय खाल्लं, किती वेळ खिसा आवळून बसलो, सगळं आतल्या कॉम्प्युटरला कळतं. घरची भाकरी दारातच काढून घेतली होती (ठेचासुद्धा). दुपारी तासभर मी काही घेतलं नाही, तर लगेच फोन वाजला, "प्रिय भवानी, भूक लागली? कणसावर वीस टक्के सूट, फक्त अर्धा तास." अर्ध्या तासात मी तीन कणसं खाल्ली. आपण संध्याकाळी उरलेली शेवंती निम्म्या भावात देतो, ती उद्या सडणार म्हणून. यांच्या लाटा काय सडतात? आधी भाव चढवायचा, मग कोणासाठी किती उतरवायचा ते त्याचा पट्टा बघून ठरवायचं, आणि याला हे लोक पाहुणचार म्हणतात.

घरी आल्यावरही पिच्छा सुटेना. परवा मेसेज आला, "प्रिय भवानी, तुमच्याशिवाय करमत नाही." तो आलेला की मी धाडलेला, हे न बघताच तुझ्या ताईने विचारलं, "ही भवानी कोन हाय?" मी बाजारातली भवानी समजावायला लागलो, तर म्हणाली, "बाजारातली? मंग तर लयच झालं." तिने ते सगळे मेसेज पुसले आणि फोन कमरेला खोचला. असल्या लुच्च्या ठिकाणी मी पुन्हा पाऊल टाकणार नाही.

वडीलधाऱ्यांना नमस्कार, सवलतवाल्यांना नाही.

तुझा दाजी,
गोटीराम

ता. क. येत्या मंगळवारी त्यांनी आम्हा दोघांना निम्म्या दरात बोलावलं आहे. पुसण्याआधी तो मेसेज मी वाचून ठेवला होता, आणि खिडकीवर नाव सांगितलं की पुरे (ते नाव सांगावंच लागेल). मंगळवारी अंगारकी, गाळ्यावर श्वास घ्यायला फुरसत नसते. त्यांच्या कॉम्प्युटरला माझी भूक कळते, अंगारकी कळत नाही. तरी तू रजा टाक आणि पहाटेच येऊन दिवसभर गाळ्यावर बस. ताईला आधी काही बोलू नकोस.

ता. क. २. त्याच मेसेजात खाली लिहिलं होतं, "सुवर्णाताई लाटांच्या तलावात तीन तास दहा मिनिटं रमल्या." खरं आहे. पाण्यात बसून ती मोठ्याने हसत होती. लग्नाला बावीस वर्षं झाली, तसं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि मी काठावर कणीस खात होतो. याची मला लाज वाटते, शेखर. तिला काय आवडतं असं त्या दिवसाआधी कोणी विचारलं असतं, तर मी झेंडू म्हणालो असतो.