न पुसलेली कॅसेट

१ मार्च २००२, शुक्रवार

लेस्टरहून वकिलाचं पत्र. द्वारकाआत्याचं मृत्युपत्र करायचं आहे, आणि ते कोर्ट करणार — आत्या नव्हे! चार वर्षं झाली, तिला चमचा कशासाठी असतो तेही आठवत नाही. इंग्रजांनी यावर तोडगा काढलाय. बाई घटकाभर भानावर आली असती तर तिनं काय लिहिलं असतं, हे न्यायाधीशानं ठरवायचं. आणि घटकेनंतर भान पुन्हा जाणार, हेही तिला त्या घटकेत ठाऊक असतं म्हणे. आमच्या रिफायनरीत असं लॉजिक कुणी मांडलं तर त्याला सक्तीच्या रजेवर पाठवतील.

आत्याचं एक घर आहे. मृत्युपत्र नसेल तर ते एकुलत्या भावाला, म्हणजे बाबांना. वकिलाचा प्रस्ताव: रुकय्याला. रुकय्या रत्नागिरीची. इथे आखातातल्या इस्पितळात आत्याबरोबर नर्स होती, रिग्गईच्या वस्तीत दोघींची एकच खोली. नव्वदच्या स्वारीनंतर दोघी तिकडे गेल्या, तेव्हापासून एकत्र. आता तीच आत्याला भरवते, न्हाऊ घालते.

बाबा हरकत घेणार आहेत. जूनमध्ये निवृत्ती, इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, संपणार, नाशिकच्या बंगल्याचा नकाशा तयार.

४ मार्च

नकाशात दोन गच्च्या आहेत. आई म्हणाली, दुसरीवर कपडे कोण वाळत घालणार?

८ मार्च, शुक्रवार

वकील विचारतात, आत्यानं घराबद्दल कधी काही लिहिलं होतं का? नाही. ती लिहायचीच नाही. कॅसेट भरायची. तीही एकच — ती बोलून पाठवणार, बाबा ऐकून त्याच कॅसेटवर उत्तर भरणार, आणि कुणाच्या तरी बॅगेतून परत. म्हणजे प्रत्येक पत्र आधीचं पत्र खाणार. नोंदी ठेवायची याहून वाईट पद्धत मी पाहिलेली नाही.

आज कपाटावरच्या सूटकेसमध्ये ती कॅसेट सापडली. घरातला टेप केव्हाच मेलाय. खाली बाबांच्या गाडीत एसी लावून ऐकली. एप्रिल ९३. आधी आमच्याकडे मुळा मिळतो का, याची दीर्घ चौकशी. मग बाबांना:

"शशी, हे घर माझ्यामागे रुकय्याचं. तुला वाईट वाटेल. वाटू दे. पण चालेल म्हण. तुझ्या तोंडून ऐकायचंय मला."

पुढे नुसती खरखर.

रिफायनरीत दाब मोजणारा ट्रान्समीटर बंद पडला की आम्ही शेवटचं खरं रीडिंग धरून चालतो. हे ते रीडिंग.

९ मार्च

बाबांना सांगितलं. "कॅसेटवर माणसं काहीही बोलतात," म्हणाले. मी विचारलं, उत्तर का नाही भरलंत? वेळ मिळाला नाही म्हणे. नऊ वर्षं!

गंमत अशी की 'चालेल' म्हणाले असते, तर त्या 'चालेल'खाली आत्याचं बोलणं पुसलं गेलं असतं. रुसून बसले म्हणून टिकलं.

१३ मार्च

बाबांनी आज गाडी आतून साफ केली. डॅशबोर्ड, डेक, सीटखालचे कप्पे, सगळं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा!

कॅसेट मीना अल-अहमदीला, रिफायनरीतल्या माझ्या ड्रॉवरमध्ये. कुलूप लावून.

१६ मार्च

शब्दन् शब्द भाषांतर केलं, मुळ्यासकट. शपथेवर सही करायची, तर भाजी गाळून कसं चालेल? उद्या कुरिअर. जेवताना बाबांना तसं सांगून टाकलं.

"मुलगी कुणाची तू?"

"तुमची. म्हणून आधी सांगतेय."

आईनं त्यांच्या पानात भात वाढला. त्यांनी मागितला नव्हता. खाल्ला मात्र.

२१ मार्च

नकाशा टेबलावरून गेला. 

१२ एप्रिल, शुक्रवार

रुकय्याचा फोन. वकिलाकडून कॅसेटची प्रत मिळाली, तिनं आत्याला ऐकवली. आत्यानं आवाज ओळखला नाही. शांतपणे शेवटपर्यंत ऐकलं, खरखरीसकट. मग म्हणाली, "बाई शहाणी आहे. भाऊ काय म्हणाला तिचा?"

अजून तेच विचारतेय, रुकय्या म्हणाली.

मी रिसीव्हर बाबांच्या हातात दिला.