आधी पेट्या उघडायला जागा

शुक्रवार संध्याकाळ, बोगादी

नकाशे काढायचं सॉफ्टवेअर आजही लॅपटॉपवर चढेना. सोमवारी वर्गात दाखवायचंय. "डिस्कवर जागा नाही," एवढंच म्हणतं. डी ड्राइव्ह अर्धा रिकामा आहे आणि मी तोच निवडला होता. मग कुठली जागा नाही? जुने फोटो काढून टाकले, तरी तेच.

आई तिच्या बन्नीमंटपच्या घरून नवरात्रात पायऱ्यांवर मांडायच्या बाहुल्यांच्या पेट्या घेऊन आली आहे. हॉलभर माझ्या वायरी आणि पुस्तकं बघून वैतागली. मी म्हटलं, "बाहुल्यांच्या पायऱ्या रिकाम्याच आहेत की."

"सुम्ने, उगाच पायऱ्या दाखवू नको गं. मांडायच्या आधी पेट्या उघडायला जमीन नको?"

मला एकदम लॅपटॉपच आठवला. शोधलं तर खरंच, सॉफ्टवेअर कुठेही ठेवायचं असो, त्याचं गाठोडं आधी सी ड्राइव्हवरच्या एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये सोडलं जातं, आणि तो ड्राइव्ह काठोकाठ भरलेला. ते तात्पुरतं फोल्डर डी ड्राइव्हवर हलवलं आणि काम झालं. इतकंच होतं तर.

पण त्या पेट्या डोक्यातून जात नाहीत. बाबा गेल्यापासून मी आईला म्हणते आहे, कायमची इथे ये, वरची खोली तुझीच. ती दर वेळी म्हणते, "तुझ्या घरात जागा नाही." मला राग येतो. अख्खी खोली रिकामी, आणि जागा नाही?

बाबांच्या कपड्यांची पेटी तिने अजून उघडलेली नाही. इथे आली तर ती कुठे उघडेल? हॉलमध्ये, आम्हा सगळ्यांसमोर, की वरच्या खोलीत, जिथे आम्ही सारखे डोकावणार? ती म्हणते ती जागा बहुधा हीच.