पप्पांना न पटणारा रस्सा

प्रिय राफेलीना,

तुझं बरं चाललं असेल असं धरून चालतो, कारण माझं अजिबात बरं चाललेलं नाही. घराला, कोटाला, उशीला, माझ्या जपमाळेलासुद्धा कांद्याचा वास येतोय. परवा चर्चमध्ये पुढच्या बाकावरच्या बाईने मागे वळून विचारलं, "काय साबातो, आज जेनोवेझे वाटतं?" प्रार्थना चालू असताना!

आई गेल्यापासून पप्पा नीट जेवत नाहीत. दुधात पाव बुडवतात, अर्धा तसाच ठेवतात. पट्ट्याला नवं भोक पाडलंय. डॉक्टर म्हणाले, आवडीचं काहीतरी खायला घाला, नाहीतर उन्हाळा काढणार नाहीत. पप्पांना विचारलं तर उत्तर एकच : "तुझ्या आईची जेनोवेझे." मग अंडं उकडतानाही घाम फुटणारा मी दर रविवारी मांसाच्या त्या रश्शासाठी डोळे पुसत आपल्या तांबूस कांद्यांचा डोंगर चिरायला बसू लागलो.

सुरुवातीला करपेल म्हणून पाणी घातलं. पप्पा म्हणाले, "हॉस्पिटलातून आणलंस का रे?" कांदा स्वतःच पाणी सोडतो, हे मला कोणी सांगायचं? पुढच्या वेळी आच मोठी केली, तर मांस चिवट. मग शेजारच्या नुन्झियाता मावशीने कहर केला. मी चर्चला गेलो तेवढ्यात ती पातेल्यात डोकावली, आणि "किती गं बाई फिकट, आजाऱ्यासारखा!" म्हणत चमचाभर टोमॅटो ढकलून मोकळी झाली. पप्पांनी दारातूनच ओळखलं. "या घरात या रश्शात टोमॅटो कधी पडला नाही. मी मेल्यावर काय तो रंग खेळा." मावशीही कमी नाही. "अहो, टोमॅटोच घातला, विष नाही!" आता दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. सगळे टोमणे माझ्यामार्फत जातात. देवाकडे मी धीर मागितला होता, त्याने ही दोघं दिली.

गेल्या रविवारी मात्र काही चुकलं नाही, राफेलीना. आच इतकी मंद की मधूनच एखादा बुडबुडा यावा. मी शेजारी बसून जपमाळ ओढत होतो. कांदा विरून मधासारखा झाला, मांस चमच्याने तुटू लागलं. मावशीने चव घेतली आणि एप्रनच्या टोकाने डोळे टिपले. "हा तिचाच रे पोरा, तिचाच." पप्पांनी एक घास घेतला, डोळे मिटले, बराच वेळ उघडले नाहीत. मग ताट सरकवलं. "नाही. हा राफेलीनालाच जमतो."

पातेलं खिडकीतून फेकावंसं वाटलं. तुला कधी जमला होता गं? तू तर कांदा चिरायच्या वेळी नेमकी गायब व्हायचीस!

संताप ओसरल्यावर टेबल आवरायला गेलो. रस्सा शिजत असताना पास्त्याच्या लांब नळ्या, झीती, हाताने मोडायचं काम पप्पांचंच, तुला माहीत आहे. माणशी एक ढीग घालतात. सकाळी फडक्यावर चार ढीग होते. मी म्हटलं होतं, "पप्पा, आपण दोघंच आहोत." तर माझ्यावरच खेकसले, "मोडून झाल्या. आता काय जोडत बसू?"

एत्तोरेचं पहिलं लग्न मोडलेलं म्हणून पप्पा तुमच्या लग्नाला आले नाहीत, आणि ते स्वतः बोलावतील तेव्हाच येईन असं तू सांगून गेलीस. तेव्हापासून या घरात तुझं नाव निघालं नव्हतं. ते पहिल्यांदा निघालं ते माझा चांगला जमलेला रस्सा नाकारून. हा माणूस पाद्रीबाबांसमोरही अर्धीच पापं सांगतो. याहून स्पष्ट बोलावणं त्याच्या तोंडून यायचं नाही. चौथा ढीग एत्तोरेचा होता, हे त्यालाही सांग. येत्या रविवारी दोघं या. रस्सा बिघडवलास तरी चालेल, पप्पा ताट पुसून खातील. फक्त टोमॅटो घालू नकोस.

तुझाच, कांद्याने डोळे सुजलेला भाऊ,
साबातो