ताईला उचलायचं कुणी

११ मार्च

चि. भाचेबुवांस,
मावशीचे आशीर्वाद. आज ते नाइलाजाने देते आहे.

काल, सोमवार दि. १० मार्च रोजी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तू नेमलेली व्यायामाची बाई घरात आली, पलंगाखालची माझी वजनं तिने पिशवीत भरली आणि चालती झाली. मी जन्मभर कोर्टात लघुलेखन केलं. तिथले चोरसुद्धा मुद्देमाल नेताना निदान नजर चुकवायचे. ही जाताना म्हणाली, की तुमच्या भाच्याचा फोन आला होता आणि कोपर बरं होईपर्यंत वजनं माझ्याकडेच राहतील.

कोपराची बातमी तुझ्या आईने पुरवली हे उघड आहे. खुब्याच्या ऑपरेशननंतर ताईचे पाय अडले, जीभ नाही.

गेल्या वर्षी तिला पलंगावरून खुर्चीत बसवायला शेजारचे दोन पुरुष बोलवावे लागत. या बाईच्या वीस मिनिटांच्या व्यायामाने ते मला एकटीला जमू लागलं. वीसच मिनिटं, पण घाम असा फुटतो की कपाट डोक्यावर घेऊन जिना चढल्यासारखं वाटावं. ही बाई तूच शोधलीस, त्याचे उपकार मानते आणि तरीही भांडते. ती म्हणते, आठवड्यातून दोनदा पुरे. आम्हां बहिणींना कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी शिकवलं, की चांगली गोष्ट रोज करायची, सकाळी आणि संध्याकाळी, आणि दुखलं तर जास्त मन लावून. मी तेच केलं. कोपर कुरकुरलं म्हणून काय झालं?

वजनं परत पाठवण्याची व्यवस्था कर.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
मावशी

१५ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं. बसून वाचण्याची हिंमत झाली नाही.

आईने सांगितलं ते असं. तू चहा डाव्या हाताने ओततेस आणि विचारलं की उजवीकडे ऊन येतं म्हणतेस. गेल्या शुक्रवारी तिला उठवताना तुझी पकड सुटली आणि तुम्ही दोघी पलंगाच्या कडेवर आदळलात. तू हसलीस म्हणे. आई हसली नाही.

व्यायामाच्या बाईंशी मी बराच वेळ बोललो. त्यांचं म्हणणं, ताकद वजन उचलताना येत नाही, नंतरच्या विश्रांतीच्या दिवसांत येते. दिवसभरात आईला उठवणं-बसवणं हेच तुझ्या हाताला पुष्कळ होतं. त्यावर तू दोन्ही वेळा वजनं उचललीस, म्हणजे कोपराला सुट्टी अशी मिळालीच नाही. असंच चाललं तर स्नायू हाडाला बांधणारा दोर कायमचा दुखरा होईल. मग आईला कोण उचलेल, हा माझा प्रश्न आहे.

म्हणून इथली मागची खोली तिच्यासाठी रिकामी केली आहे. १५ एप्रिलला गाडी ठरवली आहे. तोवर कोपर बरं झालं तर पाहू. एक दिवसाआड सकाळी मदतनीस बाई पाठवतो. मागच्या वेळी चादरीच्या घड्या वाकड्या घातल्या म्हणून तू तिला दारातूनच परत लावलंस, तेवढं या खेपेला करू नकोस.

राग ओसरला की उत्तर लिही.
तुझा,
भाचेबुवा

५ एप्रिल

चि. भाचेबुवांस,
अनेक आशीर्वाद, या खेपेला मनापासून.

वजनं नेववलीस ते बरं केलंस. हे वाक्य पुन्हा लिहिणार नाही, तेव्हा नीट वाचून घे.

पहिले काही दिवस व्यायामाच्या बाईने उजव्या हाताला रजा दिली आणि नुसते पाय राबवले. खुर्चीवरून सावकाश उठायचं, त्याहून सावकाश बसायचं. मग कोपरासाठी हलकं वजन आलं. आठवड्यातून दोनदाच. मधल्या दिवशी ती फोन करून विचारते, की आज काही केलं नाहीत ना. आळस केला नाही म्हणून बोलणी खाण्याची वेळ माझ्यावर या वयात आली.

मदतनीस येते. घड्या अजून भिकार घालते, पण ताईला तळहातावरच्या फोडासारखं जपते, तेव्हा घड्या मीच मोडून पुन्हा घालते, आणि तेही डाव्या हाताने.

परवा बाईने परीक्षा घेतली. ताईच्या कमरेला रुंद पट्टा, माझे हात अंगाशी, गुडघे वाकवून मांड्यांच्या जोरावर उठायचं. ताई उठली, वळली, खुर्चीत बसली. कोपराने हूं की चूं केलं नाही. ताई म्हणाली, मी कपाट हलवते आहे असं तिला आज पहिल्यांदाच वाटलं नाही.

आता मुद्द्याचं. तू खोली रिकामी केलीस, मी कोपर झिजवलं, पण ताईला काय हवं ते आपण दोघांपैकी कुणीही विचारलं नव्हतं. काल मी विचारलं. ती म्हणाली, तिला इथेच राहायचं आहे, पण एका अटीवर: मधल्या दिवशी मी तिच्याजवळ रिकाम्या हाताने बसायचं. मी काही उचलत नाही, काही आणत नाही, अशी ती मला कधी पाहतच नाही म्हणे.

काल बसले, दुपारभर. काय बोललो ते तुला कळवणार नाही.

तरी गाडी रद्द केल्याचं तुझं लेखी उत्तर शनिवार, दि. १२ एप्रिल, दुपारी बारापर्यंत माझ्या हाती पडलं पाहिजे. फोन चालणार नाही. फोनवर तू रडशील, मग मी रडेन, आणि त्याची कुठे नोंद राहणार नाही.

माझा लोभ आहेच. तुझा कमी झाला असल्यास तेही त्याच मुदतीत लेखी कळव.
मावशी