आजींचं फाटक

ता. ३

ती. मामास, सा. न. वि. वि.

घर सापडलं. जमिनीचा तुकडा आणि त्यावर अर्धवट उभं घर. छप्पर चढलं आणि दारं-खिडक्या बसल्या की आम्ही राहायला मोकळे. सध्याच्या भाड्याच्या घरात घरमालकीणबाई भिंतीत खिळा ठोकू देत नाहीत. लग्नाचा फोटो अजून कपाटावर आडवा पडलाय.

आमची होती नव्हती ती शिल्लक यात जाणार, म्हणून तुझ्या मास्तर जावयाने कागद परीक्षेचे पेपर तपासावेत तसे तपासले. मालक खरा, नकाशा खरा, जमिनीवर कर्ज नाही. वकीलही हो म्हणाले. आणि दलाल इतका सज्जन! दर वेळी गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवतो, पुढच्या घरातल्या आजींना हाक मारतो, गुडघ्यांची चौकशी करतो, फळं देतो. मग आजी कुलूप काढून फाटक उघडतात आणि आम्ही आत जातो. आई तर त्याच्यावर खूशच आहे.

शुक्रवारी सही. कुलपं तुझ्याच दुकानातली घेणार, भाचीचा भाव लाव.

तुझ्या आशीर्वादाच्या भरवशावर असलेली,
चिमणी

ता. ६

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीकडून मोठ्याने वाचून घेतलं. मला वाचण्यापेक्षा ऐकलेलं जास्त कळतं. दलालाच्या फळांपाशी आली तेव्हा तिला थांबवून तेवढंच पुन्हा वाचायला लावलं.

पोरी, डोक्यावर पेटी घेऊन दारोदार कुलपं विकली आहेत मी. आपल्या फाटकातून आत जाताना कुणी हाक मारत नाही, फळं तर नाहीच नाही. ते कुलूप कुणाचं, किल्ली कुणाकडे आणि ती गल्ली कुणाची? वकिलांनी तुमच्या तुकड्याचे कागद पाहिले. तिथवर जायचं कसं, हे त्यांना कुणी विचारलंच नसणार.

दलालाला न सांगता जा. आजींना सरळ विचार. मागून दुसरा रस्ता आहे का, तो पायी फिरून बघ. भांडू नकोस. सही पुढे ढकल आणि सांग की मामा चक्रम आहे, तो आल्याशिवाय काही होत नाही. मामी म्हणते, यात खोटं काहीच नाही.

जावयांना नमस्कार. त्यांना रागावू नकोस.
तुझा मामा

ता. ११

ती. मामास, सा. न. वि. वि.

गेले होते. फाटकाला कुलूप. आजींनी आधी विचारलं, आज फळवाला कुठे राहिला. गल्ली त्यांचीच निघाली. लोकांना चार दिवस घर बघू द्या, मग खुशाल बंद करा, असं दलालाने त्यांना सांगितलं होतं. मागे नाला आहे. म्हणजे आम्ही घरी उडत जाणार होतो.

मला रडूच यायला लागलं. आजींनी पाणी दिलं, बसवलं आणि आमच्याकडे गडबड किती असते ते विचारलं. मी खरं सांगितलं की आई आमच्याजवळ राहणार आणि ती दिवसभर बोलते. ते ऐकून आजी पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, की जायचा-यायचा हक्क लिहून देते, कायमचा, तुमच्यामागून येणाऱ्यांनाही. पण स्वयंपाकघराची खिडकी माझ्या अंगणाकडे हवी. दिवसभर कोंबड्यांशी बोलून त्या कंटाळल्या आहेत.

मास्तरांनी दोन दिवस सगळे कागद पुन्हा तपासले. आता खिडकीचं चित्र काढत बसलेत. रस्त्याची गोष्ट काढल्यावर मालकानेही भाव उतरवला. तू मात्र ये. तुझ्याशिवाय मी पेनाचं टोपणसुद्धा काढणार नाही.

तुझी,
चिमणी

ता. २४

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. आजींचा कागद आधी नोंदवायचा आणि तुमच्या सह्या मग, यावर मी अडून बसलो तेव्हा दलाल घड्याळ बघत होता. आजींना कसली घाई. चष्मा लावून खिडकीचं कलम त्यांनी पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचलं, सगळी कचेरी ऐकत होती.

फाटकासाठी चांगलं जाड, दोन किल्ल्यांचं कुलूप आणलं होतं मी. आजींनी हातात तोलून पाहिलं, वाखाणलं आणि नेऊन कोंबड्यांच्या खुराड्याला लावलं. फाटक तर त्यांनी बिजागऱ्यांतून उतरवलंच. तुझी आई सारखी ये-जा करणार, उघडझाप कोण करत बसेल, म्हणाल्या. इतकी वर्षं कुलपं विकली, पण असं गिऱ्हाईक पहिलंच. पैसे देत होत्या, मी घेतले. धंदा तो धंदा.

मामीने सोबत खिळे पाठवलेत. फोटो सरळ लाव. मला वाकडं दिसलेलं चालत नाही.

लोभ आहेच, तो आता खिडकीतूनही येऊ दे.
तुझा चक्रम मामा